प्लम फोर्कचा घरभेदी

शनिवार, २८ सप्टेंबर

त्यांना माहीत होतं! चेंडू हलायच्या आधी माहीत होतं. मी धावेचा डाव दिला, म्हणजे चेंडू घेऊन पळायचा, की त्यांचे अकराच्या अकरा गडी पुढे दाटीवाटीनं उभे. पासचा दिला, म्हणजे लांब फेकायचा, की मागे पांगलेले. एकदा-दोनदा नाही, दुपारभर! अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव आधी फुटला की संपलंच. ३१–१० हरलो, तेही स्वतःच्या मैदानावर, गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि वर आमचे मुख्य कोच ऑस्टरग्रेन; मी त्यांच्या हाताखाली चढाईचे डाव ठरवणारा. चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, यार्डभर जागा काढायची — यार्डभर! माणूस नुसता पुढे आडवा पडला तरी एवढी जागा निघते. तर हे म्हणतात, "लाथ मारा, देऊन टाका चेंडू." मी म्हटलं, "कोच, आपण एकवीस गुणांनी मागे आहोत." म्हणे, "म्हणूनच." म्हणूनच म्हणजे काय? मुख्य कोच झालं की कारण द्यायचं नसतं का?

टेव्हिन, माझा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, बाहेर येताना म्हणाला, "कोच, त्यांचा मधला गडी सारखा 'छत्री! छत्री!' ओरडत होता. आभाळ तर स्वच्छ होतं."

सांकेतिक शब्द असणार. म्हणजे आमचे डाव कुणीतरी यांना पुरवतंय. आमच्यातलंच कुणीतरी.

रविवार, २९ सप्टेंबर

चर्चला गेलो नाही. कोरीन एकटी गेली आणि परत येऊन मला बघून नुसती मान हलवली. बायकोनं मान हलवली की भांडताही येत नाही.

दुपारी ऑफिसात. गिल टार्पली फिल्म पाठवत बसला होता. आमच्या लीगची रीत आहे — रविवारी प्रत्येक कॉलेजनं आपल्या सामन्याची फिल्म पुढच्या प्रतिस्पर्ध्याला पाठवायची, त्यांनी आपल्याला. सगळं उघड, सगळं सभ्य. हे काम गिलकडे. आघाडीची फळी शिकवतो, शिवाय असली कामं अंगावर घेतो. एकवीस वर्षं त्याचं टेबल माझ्या टेबलासमोर आहे.

"मर्ल, ही फिल्म केवढी लांबडी करून ठेवलीस तू," म्हणाला. "पाठवायला तासभर लागतो. प्रत्येक डाव सुरू व्हायच्या आधीचा भाग कापू का?"

लांबडी मीच केलीय, ऑगस्टपासून. पूर्वी चेंडू हलला की कॅमेरा चालू व्हायचा. मी हुकूम काढला — गडी घोळक्यातून निघाले की लगेच चालू. आमच्या मैदानात दोन्ही संघांचे बाक पूर्वेलाच, कॅमेऱ्याच्या थेट समोर. समोरच्या कोचांचे हातवारे आयते टिपता येतात. इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं हे!

मी म्हटलं, "न कापता पाठवायची असा नियम आहे. जशी आहे तशी पाठव."

"तू म्हणशील तसं," म्हणाला.

मंगळवार, १ ऑक्टोबर

सगळे इशारे बदलले. टेव्हिनला आता तीन जण हातवारे करून दाखवणार, त्यातला एकच खरा, आणि खरा कोण ते दर पाळीला बदलणार. डाव सुचवणारे चित्रांचे फलकही नवे — ट्रॅक्टर, रताळं, दाढीवाला म्हातारा. बघू आता कोण चोरतो ते!

आणि मी स्वतः तर हंगामाच्या पहिल्या सामन्यापासूनच डावांचा तक्ता तोंडापुढे धरल्याशिवाय एक अक्षर बोलत नाही. ओठ वाचणारी माणसं असतात. गिल हसला — "मर्ल, आपण प्लम फोर्क कॉलेज आहोत. आपले ओठ कोण वाचणार? आपलं तर आपल्या बायकासुद्धा ऐकत नाहीत." सगळे हसले. मी नाही हसलो.

हसण्यासारखं काय आहे? कॉलेजच्या अध्यक्षबाईंनी ऑस्टरग्रेनना स्वच्छ सांगितलंय — यंदा गार्नेट हिल कॉलेजकडून हातपंप परत आणा, नाहीतर सगळेच दुसरीकडे कामं बघा. गंजका, दांडा वाकलेला लोखंडी हातपंप. दरवर्षी शेवटच्या सामन्यात जो जिंकेल त्याच्याकडे राहतो. गेली सहा वर्षं तो त्यांच्या कँटीनच्या दारात उभा आहे आणि त्यांची पोरं जाता-येता त्याच्यावर आपले भिजलेले मोजे वाळत घालतात!

पंप आणला तर पुढच्या वर्षी ऑस्टरग्रेन निवृत्त होणार आणि खुर्ची मला. तसं तेच म्हणालेत. मी सत्तेचाळीसचा झालो. ही खुर्ची गेली तर दुसरी नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

बाहेरगावी. २४–७. पुन्हा तेच! तीन जणांचे हातवारे, नवे फलक, सगळं पाण्यात. धाव म्हटली की भिंत. पास म्हटला की टेव्हिन बिचारा चेंडू घेऊन उभा आणि टाकायला मोकळा माणूसच नाही.

परतीच्या बसमध्ये मी पुढे, गिल मागे. फोनवर कुणाशी तरी बोलत होता. हसत होता. हरून परत येताना! मग ऐकू आलं — "हो रे ब्रॉक. नेटीला सांग, आईनं आठवण काढलीय."

ब्रॉक. त्याचा जावई. गार्नेट हिलच्या बचावाचा कोच!

जूनमध्ये नेटीच्या लग्नात मी नाचलो. ब्रॉकला मिठी मारली. त्याला म्हटलं, "आता तू आमच्यातलाच." आज कानशिलं तापलीत. गार्नेट हिलला कळलं की लीगभर कळणार — कोच लोक एकमेकांना सगळं सांगतात.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कोरीनला सांगितलं. जेवत होतो. तिनं चमचा खाली ठेवला.

"गिल? आपला गिल? तुझ्या पाठीच्या ऑपरेशनला तीन आठवडे आपल्या अंगणातलं बर्फ ज्यानं काढलं, तो?"

"बर्फाचा काय संबंध?"

"बर्फाचाच संबंध आहे," म्हणाली.

बायकांशी डावपेचांविषयी बोलू नये. पण बोलायचं तरी कुणाशी? एरवी मी गिलशी बोलतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दर गुरुवारी गिलची बायको अरलिस दालचिनीचे रोल पाठवते. एवढाले, मऊ, वर साखरेचा पाक. सगळे चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाडग्याबरोबर खातात. आज मी हात लावला नाही. गिलनं बघितलं. "पोट बरं नाही का?" मी म्हटलं, "भूक नाही."

(सगळे गेल्यावर एक खाल्ला. रोलचा काय दोष?)

पण मी सापळा लावलाय. गिलला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं — शनिवारी पहिलाच डाव लांब पास, सरळ मधून, कुणाला बोलू नकोस. प्रत्यक्षात मी धाव देणार! त्यांचे गडी पासची वाट बघत मागे उभे राहिले की घरभेदी कोण ते आपोआप सिद्ध.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पहिला डाव. धाव. आणि त्यांचे गडी — पुढे! सगळे पुढे! आमच्या पोराला उचलून मागे नेऊन आपटला.

आधी मला कळेना. मग लक्षात आलं. गिलनं सापळा ओळखला! एकवीस वर्षं समोर बसतोय, माझा चेहरा वाचता येत नाही होय त्याला? ओळखला आणि त्यांना उलटं सांगितलं. केवढा हा कावेबाजपणा! वरून साधाभोळा, कोपरे झिजलेलं जाकीट घालून फिरतो.

२८–१३. आमच्या मैदानावर.

रविवार, १३ ऑक्टोबर

कोरीन म्हणाली, "म्हणजे तू त्याला पास सांगितलास, आणि ते धावेसाठी तयार होते?"

"हो."

"मग त्यानं सांगितलंच नाही ना काही?"

मी तिला समजावलं. उलटं सांगणं म्हणजे काय, ते समजावलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मर्ल, त्यानं सांगितलं तरी तो चोर, न सांगितलं तरी चोर. मग बिचाऱ्यानं करायचं काय?"

दार आपटून बाहेर गेलो. दार आपटायला नको होतं, बिजागरी निघाली. गिलकडे योग्य मापाचा पेचकस आहे. मरू दे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

ऑस्टरग्रेनना सगळं सांगितलं. ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते. एवढंच विचारलं — "पुरावा?"

मी म्हटलं, "कोच, जावई!"

"माझा जावई दातांचा डॉक्टर आहे," म्हणाले, "तरी माझे दात पडलेच."

याला उत्तर म्हणतात का?

शनिवार, १९ ऑक्टोबर

हरलो. लिहावंसं वाटत नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज सरावात गिलशी जुंपली. कारण त्याचा तो 'नांगर'. हा त्याचा लाडका धावेचा डाव. डावीकडची फळी एका दमात एका अंगाला ढकलायची, उजवीकडचा एक दांडगा मागून वळसा घालून यायचा आणि मधे नांगरटीसारखा तास पाडायचा, मोकळी वाट करायची. चेंडूवाला त्या तासातून जाणार. माझ्या आजोबांच्या काळातला डाव! मी सांगितलं, यंदा नांगर बंद. सगळ्यांना पाठ झालाय.

"कुणाला पाठ झालाय?" गिल म्हणाला. "यंदा तू तो धड वापरलाच नाहीस. धाव दिलीस तरी अशी देतोस, जसं कुत्र्याला हाड टाकावं."

"धावेत काय विशेष आहे? तीन यार्ड आणि धुरळा."

"ती तीन यार्डं माझी पोरं काढतात, मर्ल."

खरं सांगायचं तर धावेचा डाव देताना माझं लक्षच नसतं. तो गिलचा विषय. मी रात्रंदिवस डोकं झिजवतो ते पासवर. प्रत्येक पास मी स्वतः घडवलाय, कुणी कुठे वळायचं, कितव्या पावलावर मागे बघायचं. ते चोरीला जातं तेव्हा माझं पित्त खवळतं. नांगर चोरून कोण काय करणार?

शनिवार, २ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात एक जिंकलो, पण ते कॉलेज आमच्याहून भिकार. आज पुन्हा आपटलो. टेव्हिनच्या बरगड्यांना मार. पोरगा पट्टी बांधून घेत म्हणाला, "कोच, मी चेंडू हातात घ्यायच्या आधी ते माझ्या अंगावर निघालेले असतात." म्हणाला तेही तक्रारीच्या सुरात नाही. कुणाच्या तरी फितुरीपायी या पोराची हाडं मोडायची वेळ आलीय!

शनिवार, ९ नोव्हेंबर

२७–६. आता एकच सामना उरला. गार्नेट हिल.

सोमवार, ११ नोव्हेंबर

झालं ते बरंच झालं. कधीतरी व्हायचंच होतं.

सकाळची बैठक. सगळे कोच टेबलाभोवती. गिल माझ्या खुर्चीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मर्ल, बैठकीनंतर मला दहा मिनिटं दे. जुनी फिल्म लावून तुला काहीतरी दाखवायचंय. आपण दोघंच."

दोघंच! आता गोडीगुलाबीनं कबुली देणार, मी पाठीवर हात ठेवणार आणि प्रकरण मिटणार! एवढे सामने गेले, पोराच्या बरगड्या गेल्या — आणि दहा मिनिटं!

मी मोठ्यानं म्हटलं, "फिल्म तुझ्या जावयाला दाखव. तसंही सगळं आधी त्यालाच दाखवतोस ना?"

गिल उभाच. मला वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, मी तयार होतो. तो म्हणाला, "हे तू कधीपासून धरून बसलायस?"

"ऑक्टोबरपासून."

"ऑक्टोबरपासून," तो म्हणाला. "आणि माझे रोल खात होतास."

मी म्हटलं, "तुझ्याजवळ पुरावा असेल की तू नाहीस, तर दाखव. सगळ्यांसमोर दाखव."

त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे. "सगळ्यांसमोर नाही दाखवणार," म्हणाला, आणि टोपी घेऊन गेला.

दाखवायला काही असतं तर दाखवलं नसतं का? हाच पुरावा!

मंगळवार, १२ नोव्हेंबर

गिलनं नोकरी सोडली. टेबल रिकामं. खणातलं ते कोंबड्याच्या आकाराचं मोडकं घड्याळही घेऊन गेला. ऑस्टरग्रेन त्याच्याबरोबर तासभर बंद खोलीत होते. बाहेर आले ते माझ्या टेबलावरून सरळ मैदानाकडे गेले.

कोरीननं संध्याकाळी ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून जेवली. म्हणाली, "अरलिसला आता मी कोणत्या तोंडानं भेटू?" म्हणजे चोरी त्यानं करायची आणि तोंड आम्ही लपवायचं!

बुधवार, १३ नोव्हेंबर

अपमान! शुद्ध अपमान!

ऑस्टरग्रेन म्हणाले, "शनिवारी तू खाली थांबायचं नाहीस. वर जायचं, प्रेक्षकांच्या कट्ट्याच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत. तिथून फोनवर डाव सांग."

मी बारा वर्षं रेषेवर उभा राहून डाव देतोय! मला पोरांचे डोळे दिसावे लागतात. वर काय, हवामान सांगणारे बसतात. मी कारण विचारलं. म्हणाले, "वरून जास्त दिसतं."

"हे गिलनं सुचवलं का?" असं मी उपरोधानं विचारलं.

"मुख्य कोच मी आहे," म्हणाले. कारण नाहीच!

माझ्याच सामन्याला मला माळ्यावर टाकलं. खुर्ची देणार म्हणे!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

रोल आले नाहीत. चिली नुसतीच खाल्ली.

फळीचा मधला गडी ल्युबेन, सहा फूट चार इंच, दिवसभर माझ्याशी "हो कोच, नाही कोच" एवढंच. शेवटी मी विचारलं, काय चाललंय? म्हणाला, "कोच टार्पली काल आम्हा सगळ्यांच्या खोल्यांवर येऊन गेले. म्हणाले, मर्ल कोचशी नीट वागा, शनिवारी त्यांना तुमची गरज आहे. म्हणून नीट वागतोय."

नाटकी माणूस. जाताना चांगुलपणा पसरून गेला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

जिंकलो!! २०–१७!

नीट लिहितो.

वर काचेत बसलो, घुश्शातच. पहिला डाव पास. आणि टेव्हिनसमोर मोकळं रान! त्यांचे गडी पुढे धावले, पास त्यांच्या डोक्यावरून. दुसऱ्यांदा धाव. ते मागे उभे! दुपारभर ते चुकत राहिले. त्यांचा बचाव एकमेकांकडे बघत होता. खाली ब्रॉक हात पसरून वरच्या आपल्या माणसाला विचारत होता, आणि त्यांचा तो माणूस, दुर्बीण घेऊन माझ्या शेजारच्याच खोलीत, काचेआड खांदे उडवत होता! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

शेवटची दोन मिनिटं. १७–१३ ते पुढे. चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत, गोलरेषा नऊ यार्डांवर. मला वाटलं ऑस्टरग्रेन आता लाथ मारायला सांगणार. फोनवर त्यांचा आवाज — "मर्ल, खेळायचं. काय देतोस?"

माझ्या हातात माझा सर्वात सुंदर पास होता. वर्षभर राखून ठेवलेला. पण वरून दिसत होतं. खालून कधी दिसलं नव्हतं ते दिसत होतं — ल्युबेन आणि त्याची फळी खांद्याला खांदा लावून बसली होती. पाच पोरं, पण पाठ एकच असावी तशी. आणि समोर त्यांचे गडी पासच्या भीतीनं पांगलेले. मी म्हटलं, "नांगर."

ऑस्टरग्रेननी वर माझ्या काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

तास पडला! काय तास पडला! आमचा धावणारा त्यातून ताठ चालत गेल्यासारखा गेला, कुणाचा हातसुद्धा लागला नाही. सगळी नऊ यार्डं. टचडाऊन! लोक कट्ट्यावरून मैदानात उतरले. मी वर एकटाच ओरडत होतो.

ल्युबेननं हातपंप खांद्यावर घेतला होता. तो रडत होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. आनंदाच्या भरात असेल.

रविवार, १७ नोव्हेंबर

आता तरी पटलं का लोकांना? गिल गेला आणि गळती थांबली! चार दिवसांत! एका डावाचा त्यांना पत्ता लागला नाही. यापेक्षा धडधडीत पुरावा कुठला हवा?

कोरीनला हेच सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या मनासारखं झालं ना?" आणि फाटकाकडे बघत बसली. पंप पहिल्या रात्री ज्याच्या डावानं सामना जिंकला त्याच्या घरी ठेवतात, ही रीत. तो आमच्या ओसरीवर आहे. सकाळपासून शेजारीपाजारी येऊन दांडा हलवून जाताहेत. एकानं विचारलं, "शेवटचा डाव कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." म्हणजे दिला तर मीच!

उद्या ऑस्टरग्रेनकडे जाऊन खुर्चीचं स्पष्ट बोलून घेणार. आणि माळ्यावर टाकल्याबद्दल माफीही मागायला लावणार.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ऑस्टरग्रेन म्हणाले, "बस." मग त्यांनी फिल्म लावली. सप्टेंबरची, आमच्या मैदानावरची, जी आम्हीच सगळ्यांना पाठवली. डाव सुरू व्हायच्या आधीचा भाग, जो मी टिपायला लावला. समोरच्या बाकांजवळ मी उभा. धाव दिली — तक्ता गुडघ्याशी लोंबतोय. पास दिला — तक्ता तोंडापुढे. धाव, गुडघा. पास, तोंड. दर वेळी. एकदाही चूक नाही.

"छत्री," ऑस्टरग्रेन म्हणाले. "लीगभर हेच नाव आहे त्याला. गिलला त्या बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी दिसलं. तुला एकट्याला दाखवायचं होतं. जाताना म्हणाला, मर्लला वर पाठवा. का, ते सामना झाल्यावरच सांगा, नाहीतर हात आखडेल त्याचा."

मी विचारलं, त्यानं तेव्हाच सगळ्यांसमोर का नाही दाखवलं?

"तेच मी त्याला विचारलं," म्हणाले. "म्हणाला, मग ती पोरं त्याच्या हाताखाली कशी खेळली असती?"

पंप गाडीत टाकून गिलकडे गेलो. दार त्यानंच उघडलं. मला बोलायचं होतं. हात आपोआप तोंडावर गेला.

"हात खाली घे, मर्ल," तो म्हणाला. "आणि बोल."